मुंबईची जुनी लक्झरी फोर बाय फोर घेताय? आधी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तपासा, मग टोकन द्या

मालाड : मालाड, गोरेगाव, अंधेरी या पट्ट्यात लिंक रोडच्या बाजूने जुन्या गाड्या विकणारे बरेच डीलर आहेत. नवी असताना अर्ध्या कोटीच्या पुढे गेलेली बीएमडब्ल्यू एक्स ५, ऑडी क्यू ७ किंवा रेंज रोव्हर दहा-बारा वर्षांनी साध्या नव्या गाडीच्या भावात मिळते. त्यामुळे गावाकडूनही लोक ती बघायला जातात. पण या गाडीतला सगळ्यात महागडा धोका बाहेरून दिसत नाही. तो म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. तो गेला तर खर्च लाखांत जातो आणि स्वस्तात घेतलेली गाडी दारात उभी राहते.

रनिंग कमी, तरी झीज जास्त का?

"फक्त ६० हजार चाललीय" असं डीलर सांगतो. पण मुंबईत एक किलोमीटर जायला कधी कधी पंधरा मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात गिअर अनेकदा वर-खाली होतो आणि ऑइल तापत राहतं. सतत तापलेलं ऑइल लवकर खराब होतं. म्हणून मुंबईच्या गाडीचं वय नुसत्या मीटरवर मोजू नका. मीटर मागे फिरवलेलाही असू शकतो. सर्व्हिसची जुनी बिलं मागा आणि तारीख व किमी जुळतात का ते बघा.

"ऑइल बदलावं लागत नाही" हे खरं नाही

अनेक कंपन्या हे ऑइल आयुष्यभराचं असल्याचं सांगत आल्या. बीएमडब्ल्यू एक्स ५ आणि रेंज रोव्हरच्या अनेक मॉडेलमध्ये जर्मनीच्या झेडएफ कंपनीचा गिअरबॉक्स असतो. तो बनवणारी झेडएफ मात्र ८० हजार ते १ लाख २० हजार किमीला, किंवा जास्तीत जास्त आठ वर्षांनी ऑइल बदला, असं सांगते. बदलल्याचं बिल नसेल, तर बदललेलं नाही असंच धरा आणि तो खर्च किमतीतून कमी करून मागा.

या बॉक्सला ऑइल मोजायची पट्टी नसते. इंजिन चालू ठेवून, ऑइल ठरावीक तापमानाला आणून लेव्हल बघावी लागते. त्यामुळे हे काम अंदाजाने करणाऱ्याकडे देऊ नका.

पावसाच्या पाण्यात बुडालेली गाडी

मालाड सबवेत दर पावसाळ्यात पाणी भरतं. २६ जुलै २००५ ला तर सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस झाला आणि हजारो गाड्या पाण्यात गेल्या. गिअरबॉक्सला हवेसाठी एक बारीक नळी असते. गरम बॉक्स पाण्यात बुडून थंड झाला की तिथून पाणी आत ओढलं जातं. मग ऑइल दुधाळ गुलाबी दिसतं आणि क्लच प्लेटचं अस्तर सुटायला लागतं. सीटखालचा गालिचा उचलून गाळ, गंज, कुबट वास आहे का ते बघा.

तपासणी अशी करा

१. गाडी थंड असतानाच बघायची, असं आधी सांगून ठेवा. इंजिन आधीच गरम करून ठेवलं असेल तर कारण विचारा.
२. ब्रेक दाबून आर आणि डी टाका. गिअर पडायला दोन सेकंदांपेक्षा जास्त लागले किंवा जोरात धक्का बसला, तर सावध व्हा.
३. किमान अर्धा तास चालवा. ट्रॅफिकमध्ये, हायवेला आणि उड्डाणपुलाच्या चढावर. काही दोष ऑइल तापल्यावरच दिसतात.
४. एकसारख्या वेगात रम्बलरवरून गेल्यासारखी थरथर जाणवली, तर टॉर्क कन्व्हर्टरचा दोष असू शकतो.
५. लो रेंज असलेल्या गाडीत फोर एल टाकून बघा. ट्रान्सफर केसचं ऑइल वेगळं असतं, त्याचंही बिल मागा.
६. चारही टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले हवेत. फरक असेल तर कायम चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत ट्रान्सफर केसवर ताण येतो.
७. त्याच कंपनीच्या गाड्यांचा जाणकार सोबत न्या आणि स्कॅनर लावून गिअरबॉक्सचे कोड वाचून घ्या.

कोणती गाडी गावाला झेपेल?

टोयोटा फॉर्च्युनरचे पार्ट आणि कारागीर तालुक्याच्या आसपास मिळतात. म्हणूनच ती जुनी असूनही महाग विकते. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे एन्डेव्हर घेण्याआधी जवळचं सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते शोधा. जर्मन आणि ब्रिटिश गाड्यांसाठी बहुतेक वेळा मोठं शहरच गाठावं लागतं.

गावी आणल्यावर

गाडी बंद पडली तर ट्रॅक्टरला दोर बांधून ओढत नेऊ नका. इंजिन बंद असताना गिअरबॉक्सचा पंप चालत नाही, त्यामुळे ऑइल फिरत नाही आणि चांगला बॉक्सही खराब होतो. फ्लॅटबेडच बोलवा. चिखलात अडकली तर एक्सलेटर दाबून चाकं फिरवत बसू नका.

कागद

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकृत प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ते बघायला मागा. गिअरबॉक्सची तोंडी गॅरंटी कामाची नाही. किती महिने, किती किमी, कोणता खर्च कोण देणार, हे बिलावर लिहून घ्या. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

डीलर गाडी तपासू देत नसेल, तर टोकन न देता परत या.