लोखंडी नळी, कागदी नळी

गेल्या वर्षी शाळेला दिवाळीची सुट्टी लागली त्या दुपारी शेजारचा आठवीतला मुलगा माझ्याकडे आला. त्याच्या पिशवीत आगपेट्यांचा एक पुडा होता आणि सायकलच्या दुकानातून मागून आणलेला लोखंडी नळीचा वीतभर तुकडा. "काका, मले रॉकेट बनवाचं हाये. तुमी एवढी पुस्तकं वाचता, कसं बनवतेत ते सांगा," तो म्हणाला.

मी नळी काढून घेतली, पण त्याला रागावलो नाही. अशीच नळी मी पूर्वी पाहिली होती. १९८३ साली आम्ही नववीत असताना अमरावतीतल्याच एका मैदानात माझ्या वर्गमित्राने काड्यांच्या गुलांवर असाच 'प्रयोग' केला. नळी उडाली नाही, फुटली. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. पुढे तो डाव्या हाताने लिहायला शिकला आणि मॅट्रिकला एक वर्ष उशिरा बसला. आम्ही बाकीचे काही हात अंतरावर उभे होतो. नळीचा तुकडा कोणाच्या डोळ्यात गेला नाही, हे आमचे नशीब.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. नोकरी सांभाळून ग्रंथालयात बसत गेलो, त्यातून जे जमले ते जमले. पण त्या दुपारचा प्रश्न मला इतिहासाचाच वाटत आला आहे. रॉकेटचा नाद करायचा तर सुरुवात कुठून करावी? मुलाला उत्तर देण्याआधी मी माझी टिपणे काढली.

आपल्या भाषेत 'बाण' हा शब्द धनुष्याच्या तिराला लागतो तसा दारूच्या बाणालाही लागतो. अठराव्या शतकातल्या लढायांच्या वर्णनात बाण सुटले असे येते, तेव्हा पुष्कळदा तो दारूचाच असतो. दिवाळीत आपण उडवतो तो त्याचाच धाकटा भाऊ. रणांगणावरच्या बाणाला म्हैसूरकरांनी मोठी जोड दिली ती लोखंडी नळीची. कागदाची किंवा बांबूची नळी जेवढा दाब सोसते त्याहून लोखंडाची कितीतरी जास्त सोसते. त्यामुळे दारू ठासून भरता येते आणि बाण किलोमीटरभर किंवा त्याहूनही लांब जातो. हैदर आणि टिपूच्या फौजांनी हे बाण इंग्रजांवर सोडले. ५ एप्रिल १७९९ च्या रात्री श्रीरंगपट्टणजवळच्या सुलतानपेठच्या राईत आर्थर वेलस्ली नावाचा कर्नल अंधारात या माऱ्यापुढे मागे हटला.

हाच वेलस्ली चार वर्षांनी आपल्या वऱ्हाडात आला. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आजच्या अकोला जिल्ह्यातल्या तेल्हारा तालुक्यात अडगावला त्याने भोसल्यांच्या फौजेला हरवले आणि १५ डिसेंबरला मेळघाटातला गाविलगड घेतला. त्याच महिन्यात देवगाव आणि सुर्जी अंजनगावचे तह झाले. वऱ्हाड इंग्रजांच्या दोस्ताकडे, निजामाकडे गेले. म्हैसुरात हाती लागलेले बाण एव्हाना इंग्लंडात वूलिचला पोहोचले होते. ते पाहून विल्यम काँग्रीव्हने १८०५ च्या सुमारास आपले लोखंडी रॉकेट उभे केले आणि १८०७ साली त्याच रॉकेटांनी कोपनहेगन शहर पेटले.

लोखंडी नळीचा हा इतिहास आहे. ती शस्त्राची सुधारणा होती. दाब जास्त म्हणजे पल्ला जास्त, पण फुटली तर तिचा प्रत्येक तुकडा गोळी होतो. माझ्या मित्राच्या हातात १९८३ साली जी नळी होती, ती या घराण्यातली.

आता कागदी नळीचा इतिहास. तो अमेरिकेतला आहे आणि बराच अलीकडचा. नेब्रास्का राज्यात नॉरफोक नावाचे गाव आहे. तिथे ऑरव्हिल कार्लाइल यांचे जोड्यांचे दुकान होते. त्यांना आतषबाजीचा नाद, तर भाऊ रॉबर्टला छोट्या विमानांचा. १९५४ मध्ये दोघांनी मिळून कागद आणि हलके लाकूड यांचे एक रॉकेट केले. त्यात बोटाएवढी कागदी नळी बसे. तिच्या एका टोकाला चिकणमातीचे तोंड होते आणि आत दाबलेली काळी दारू. उड्डाण संपता संपता दारूचा शेवटचा थर रॉकेटचे नाक ढकली, छत्री उघडे आणि रॉकेट अखंड खाली येई. नळी बदलली की पुन्हा उड्डाण.

त्याच काळात हॅरी स्टाइन हे न्यू मेक्सिकोतल्या क्षेपणास्त्र चाचणी केंद्रात काम करत. घरी रॉकेट करताना पोरांचे हात जातात, हे त्यांना मुलांच्या पत्रांतून कळत होते. १९५७ च्या सुरुवातीला त्यांचा सुरक्षिततेवरचा लेख एका मासिकात आला. तो वाचून कार्लाइलनी आपले नमुने त्यांना पाठवले. त्याच ऑक्टोबरात स्पुटनिक आकाशात गेले आणि घरोघरची मुले रॉकेटमागे लागली. स्टाइननी त्याच वर्षी या नादाची संघटना उभी केली आणि नियम घालून दिले. रॉकेटला धातू लावायचा नाही. दारू स्वतः कालवायची नाही, कारखान्यात भरलेली मोटारच वापरायची. वात पेटवायची नाही, लांब उभे राहून विजेच्या बटणाने उडवायचे. १९५९ च्या सुमारास व्हर्न एस्टिस या फटाकेवाल्यांच्या घरातल्या माणसाने मोटारी भरणारे यंत्र तयार केले. तेव्हापासून मुलाचा हात दारूला लागण्याचे कारणच उरले नाही.

मॉडेल रॉकेटचा जन्म मी इथे धरतो. रॉकेट जुनेच होते. मुलाच्या हातातून दारू काढून घेतली आणि बाकीचे सगळे, म्हणजे आकार, वजन, पंख, मोजमाप, त्याच्याकडे ठेवले, ही नवी गोष्ट होती.

आपल्याकडे काय करायचे? तशी तयार मोटार मला अमरावतीच्या बाजारात मिळाली नाही. परवान्याशिवाय दारू तयार करणे १८८४ च्या स्फोटक कायद्याखाली गुन्हा आहे. तो कायदा राबवणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. आणि वऱ्हाडात कायद्याहून जुनी एक भीती आहे. दिवाळीला इथे कापूस वेचणीला येतो. ज्या घरात कापसाचे ढीग लागलेले असतात, तिथले म्हातारे आजही बाण उडवणाऱ्या पोरांना हाकलतात.

म्हणून मी मुलाला म्हणालो, "आपण दारूच्या जागी पाणी घेऊ." तो हिरमुसला. पण नळी त्यानेच सायकलच्या दुकानात परत नेऊन दिली आणि येताना जुन्या ट्यूबचा व्हॉल्व मागून आणला.

व्हॉल्व रबरी बुचात बसवला. दोन लिटरची सरबताची, चरा न गेलेली प्लास्टिकची बाटली घेतली. तिच्यात तिसरा हिस्सा पाणी भरून बूच लावायचे, बाटली उलटी उभी करायची आणि लांब रबरी नळीने पाचेक मीटरवरून पंप मारायचा. हवा दाबली जाते, बूच निसटते, पाणी खाली फेकले जाते आणि बाटली वर जाते. दारूच्या बाणात हेच काम धूर करतो.

सोयाबीन सोंगून मोकळ्या झालेल्या वलगावकडच्या एका वावरात आम्ही गेलो. माझा तो वर्गमित्रही आला. पंप त्यानेच हातात घेतला. पहिली बाटली पाच-सहा मीटर गेली आणि गरगरत आडवी झाली. मुलाला मी दिवाळीचा बाण आठवायला सांगितला. काडी मोडलेला बाण शेजाऱ्याच्या घरात का शिरतो? काडी बाणाचे शेपूट वाऱ्यात मागे धरून ठेवते. तिच्या जागी आम्ही पुठ्ठ्याचे तीन पंख चिकटवले आणि नाकाला मातीचा गोळा लावला. मग समतोलाच्या जागी दोरी बांधून बाटली डोक्याभोवती फिरवली. नाक पुढे ठेवून फिरली तर ती सरळ उडणार. तशी ती उडालीही.

उंची मोजायला कोनमापकाला दोरा आणि खडा बांधला. तीस मीटरवरून ४० अंशांचा कोन आला, म्हणजे उंची साधारण २५ मीटर. हे गणित त्या मुलाने वावरातच, गुडघ्यावर वही ठेवून केले. वर्गमित्र शेजारी बसून बघत होता. "आपल्यालेबी कोनी असं सांगतलं असतं तर," एवढेच तो म्हणाला आणि पुन्हा पंपाकडे गेला.

संध्याकाळपर्यंत नऊ उड्डाणे झाली. प्रत्येकाची नोंद त्या वहीत आहे: किती पाणी, किती पंप, किती अंश. शेवटच्या ओळीत लिहिले आहे, 'पाणी अर्धी बाटली. कमी उडाली. काऊन?'