प्रश्न विचारणारा आणि साक्ष देणारा

अमेरिकेतील गुलामगिरी १८६५ साली राज्यघटनेच्या तेराव्या दुरुस्तीने कायद्याने संपली, परंतु तिचा इतिहास पुढील काही पिढ्या प्रामुख्याने मालकांच्याच कागदपत्रांवरून लिहिला गेला. ज्या अमेरिकी जनतेच्या गुलाममुक्तीच्या कार्याचा गौरव म्हणून जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ तिला अर्पण केला, तिच्याच देशात १९१८ साली अल्रिक फिलिप्स या इतिहासकाराने मळेवाल्यांच्या पत्रव्यवहाराचा व हिशेबवह्यांचा आधार घेऊन गुलामांचा मळा म्हणजे जणू एक शाळाच होती असे प्रतिपादन केले, आणि ते दीर्घकाळ विद्वन्मान्यही राहिले. गुलाम राहिलेल्यांना काय वाटले, हे त्यांनाच विचारण्याचे काम १९२९ च्या सुमारास फिस्क विद्यापीठासारख्या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थांनी हाती घेतले, ही गोष्ट आवर्जून नोंदवली पाहिजे.

याच कामाला महामंदीच्या काळात सरकारी पाठबळ मिळाले. बेकार लेखकांना रोजगार देण्यासाठी स्थापन झालेल्या ‘फेडरल रायटर्स प्रोजेक्ट’ या योजनेतून १९३६ ते १९३८ या काळात सतरा राज्यांत २,३०० हून अधिक वृद्धांच्या मुलाखती लिहून घेण्यात आल्या. त्यांपैकी बहुतेकांनी गुलामगिरी बालपणीच पाहिली होती. मुलाखतकार बहुतांशी गोरे होते, आणि वर्णभेदाचे कायदे लागू असलेल्या दक्षिणेत सरकारी मदतीवर जगणाऱ्या म्हाताऱ्या माणसाने गोऱ्या पाहुण्यासमोर जुन्या मालकाविषयी मोकळेपणाने बोलावे, अशी परिस्थितीच नव्हती.

याचा सर्वांत बोलका पुरावा दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्स्टन येथील सुझन हॅम्लिन हिच्या दोन मुलाखतींत सापडतो. एका कागदावर तिचे आडनाव हॅम्लिन, तर दुसऱ्यावर हॅमिल्टन असे आहे. जेसी बटलर ही गोरी मुलाखतकार मदत कार्यालयातून आली आहे अशी सुझनची समजूत झाली होती, आणि तिच्यासमोर सुझनने मालकाचा भलेपणा सांगितला. ऑगस्टस लॅडसन या कृष्णवर्णीय मुलाखतकारापाशी मात्र तिने चाबकाचे फटके, माणसांची विक्री आणि विकल्या गेलेल्या आप्तांसाठी होणारा आक्रोश यांचे वर्णन केले. यांपैकी पहिली साक्ष खोटी म्हणून टाकून देणे चुकीचे ठरेल, कारण गुलामगिरी संपून सत्तर वर्षे लोटल्यावरही त्या स्त्रीला कोणासमोर जपून बोलावे लागत होते, हे तीच साक्ष सांगते.

लोकसाहित्याचे अभ्यासक बेंजामिन बॉटकिन यांच्या देखरेखीखाली हे टंकलिखित कागद १९४१ मध्ये काँग्रेसच्या ग्रंथालयात खंडांच्या रूपाने जतन झाले खरे, तथापि वृद्धांची स्मृती अविश्वसनीय असते या सबबीवर इतिहासकारांनी त्यांच्याकडे बराच काळ पाठ फिरवली. मालकाची हिशेबवहीही कोणाच्या तरी हितासाठीच लिहिलेली असते, हा विचार त्या वेळी फारसा झाला नाही. १९७२ पासून जॉर्ज रॉविक यांनी हे खंड छापून प्रसिद्ध केल्यावरच अभ्यासकांना ते टाळणे अशक्य झाले. आता हा संग्रह सर्वांना खुला आहे. तो वाचणाऱ्याने प्रत्येक साक्षीपूर्वी ती लिहून घेणाऱ्याचे नाव पाहावे.