विद्युतचुंबकत्वाची भौमितिक मांडणी

विद्युतचुंबकत्वाची भौमितिक मांडणी म्हणजे विद्युत व चुंबकी क्षेत्रांचे नियम सदिशांऐवजी विकल रूपांच्या भाषेत मांडण्याची पद्धत होय. या पद्धतीत मॅक्सवेलची चार समीकरणे दोन समीकरणांत सामावतात. नियमांचा कोणता भाग अंतर व कोन यांच्या मापनावर अवलंबून आहे आणि कोणता नाही, हे या मांडणीतून स्पष्ट होते.

इतिहास

जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांच्या १८६५ सालच्या निबंधात वीस समीकरणे होती. ऑलिव्हर हेविसाइड यांनी १८८०च्या दशकात सदिशांच्या साहाय्याने त्यांची चार समीकरणे केली. विकल रूपांचे कलन एली कार्तां यांनी १८९९ पासून विकसित केले. १९०८ मध्ये हेर्मान मिंकोव्हस्की यांनी अवकाश व काळ यांचा एकत्रित चतुर्मितीय विचार मांडला. त्यात विद्युत व चुंबकी क्षेत्रे एकाच राशीचे घटक ठरली.

स्वरूप

रेषा, पृष्ठ किंवा घनभाग यांवर ज्याचे संकलन करता येते, त्यास विकल रूप म्हणतात. विद्युत क्षेत्राचे संकलन मार्गावर होते, म्हणून ते पहिल्या कोटीचे रूप आहे. चुंबकी क्षेत्राचे संकलन पृष्ठावर होऊन अभिवाह मिळतो, म्हणून ते दुसऱ्या कोटीचे. सदिश पद्धतीत दोन्ही क्षेत्रे बाणांनीच दाखवली जात असल्याने हा भेद झाकला जातो.

अवकाश-काळात ही दोन्ही क्षेत्रे मिळून दुसऱ्या कोटीचे एकच क्षेत्ररूप बनते. त्याचे बाह्य विकलन शून्य असते, हे पहिले समीकरण. फॅरडेचा नियम व सुट्या चुंबकी ध्रुवाचा अभाव त्यात येतो. त्यासाठी अंतरमापनाची गरज नसते. गाउसचा नियम व अँपिअर-मॅक्सवेल नियम दुसऱ्या समीकरणात येतात. त्यात क्षेत्ररूपावर आधी हॉज स्टार ही क्रिया करावी लागते आणि अंतरमापन तेथेच प्रवेश करते. सीमेला स्वतःची सीमा नसते. त्यामुळे बाह्य विकलन दोनदा केल्यास शून्य येते. दुसऱ्या समीकरणाला हे लावले की प्रभाराच्या अक्षय्यतेचा नियम आपोआप मिळतो.

विभव आणि अवकाशाचा आकार

छिद्र नसलेल्या प्रदेशात क्षेत्ररूप हे एका विभवरूपाचे बाह्य विकलन म्हणून लिहिता येते. लांब नालकुंतलाबाहेरील प्रदेशात मात्र छिद्र असते. तेथे चुंबकी क्षेत्र जवळजवळ शून्य असूनही विभवरूप सर्वत्र नाहीसे करता येत नाही. नालकुंतलाभोवतीच्या बंद मार्गावर त्याचे संकलन आतील अभिवाहाइतके येते. याचा इलेक्ट्रॉन-तरंगांच्या कलेवर परिणाम होतो, असे याकिर अहारोनोव्ह व डेव्हिड बोम यांनी १९५९ मध्ये दाखवले. आकिरा तोनोमुरा व सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये अतिसंवाहकाने झाकलेला कड्याच्या आकाराचा चुंबक वापरून त्याची प्रायोगिक खात्री केली. आधुनिक भूमितीत विभवरूपास संयोजन व क्षेत्ररूपास त्याची वक्रता मानतात.

अध्ययन व उपयोग

या विषयासाठी रेषीय बीजगणित व अनेक चलांचे कलन आवश्यक असते. चार्ल्स मिसनर, किप थॉर्न व जॉन व्हीलर यांच्या ‘ग्रॅव्हिटेशन’ (१९७३) या ग्रंथात ही पद्धत विस्ताराने वापरली आहे. चिन्हांचे व एककांचे संकेत ग्रंथागणिक बदलत असल्याने सूत्रांची तुलना करताना ते तपासावे लागतात. नेहमीच्या आकडेमोडीला सदिश पद्धत सोयीची ठरते. मात्र संगणकीय पद्धतींत विद्युत क्षेत्राची मूल्ये जाळीच्या कडांवर आणि चुंबकी अभिवाहाची मूल्ये तिच्या पृष्ठांवर ठेवतात, त्यामागे हीच भौमितिक दृष्टी आहे.