मार्कशीटवरचे स्वामी

नांदेड-लातूरकडच्या पोरांच्या मार्कशीटवर एक नाव असतं: स्वामी रामानंद तीर्थ. आपण नुसतं ‘स्वारातीम’ म्हणून मोकळे होतो. पण हे स्वामी कोण?

मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर, जन्म १९०३. हिप्परगा आणि अंबाजोगाईच्या शाळांत मास्तर. १९३२ मध्ये संन्यास घेतला. संन्यासी म्हणजे राजकारणापासून लांब, नाही का? यांचं उलटं. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले. १५ ऑगस्ट १९४७ला देश स्वतंत्र झाला, त्याच दिवशी निजामाने त्यांना पुन्हा पकडलं!

दीड हजार वर्षांपूर्वी इटलीत बोएथियस नावाचा तत्त्वज्ञ होता, राजा थिओडोरिकचा मोठा अधिकारी. देशद्रोहाचा आरोप आला, पद गेलं, तुरुंगात त्याने पुस्तक लिहिलं आणि शेवटी मारला गेला. सगळं गेल्यावर माणसाकडे उरतं काय, हा त्याचा प्रश्न. स्वामींनी सगळं आधीच सोडलेलं. निजाम हिसकावणार काय?

१७ सप्टेंबर १९४८ला निजाम शरण आला. स्वामी पुढे दोनदा खासदार झाले, मंत्री कधीच नाही. १७ सप्टेंबरलाच, १९९४ मध्ये, नांदेडचं विद्यापीठ सुरू झालं. पुढच्या वेळी मार्कशीट हातात आली, की मार्कांच्या आधी वरचं नाव पूर्ण वाचा.