स्प्रिंकलरविना कॅसिनो : एका सवलतीची किंमत

१/ २१ नोव्हेंबर १९८० ची सकाळ. अमेरिकेतील लास वेगासच्या एमजीएम ग्रँड हॉटेलमधले उपाहारगृह बंद होते. तेथे भिंतीआड विजेच्या तारांमुळे धुमसणारी आग सातच्या सुमारास भडकली आणि शेजारच्या कॅसिनोत शिरली.

२/ या भागात स्प्रिंकलर नव्हते. येथे चोवीस तास माणसांचा वावर असेल, आग लगेच कुणाच्या तरी नजरेस पडेल, या गृहीतकावर बांधकामाच्या वेळी सवलत मिळाली होती. पुढे उपाहारगृह रात्री बंद राहू लागले. सवलत मात्र कायम राहिली.

३/ ८५ जण मृत्युमुखी पडले. त्यांतील बहुतेक ज्वाळांपासून दूर, वरच्या मजल्यांवर होते. जिने, लिफ्टचे मार्ग आणि वातानुकूलन यंत्रणा यांतून धूर त्यांच्यापर्यंत पोहोचला.

४/ त्याच इमारतीत जेथे स्प्रिंकलर होते, तेथे आग रोखली गेली. स्प्रिंकलरला पहारेकरी लागत नाही. ठरावीक तापमान गाठताच आगीजवळचे तोंड आपोआप उघडते; बाकीची बंदच राहतात.

५/ १९८१ मध्ये नेवाडा राज्याने जुन्या उंच हॉटेलांनाही स्प्रिंकलर बंधनकारक केले. इमारतीचा वापर बदलला, तर तिला दिलेली सवलतही पुन्हा तपासावी लागते, हे ८५ जिवांची किंमत मोजून कळले होते.