दहा राग, तीन यंत्रे

पुण्याच्या जुन्या बाजारात मी अनेक वर्षे एक तबकडी शोधतो आहे. चित्रपटसंगीतातले वादक चरणजितसिंग यांनी १९८२ साली मुंबईत रोलंडच्या ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ या यंत्रांवर भैरव, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. एचएमव्हीने काढलेली ती तबकडी फारशी खपली नाही. २०१० मध्ये ती हॉलंडमधून पुन्हा निघाली आणि शिकागोत १९८७ च्या सुमारास गाजलेल्या ‘अ‍ॅसिड हाऊस’ या नृत्यसंगीताची पूर्वज ठरवली गेली. हे मोजमाप मला उलटे वाटते. टीबी-३०३ वर एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येते. त्या घसरणीत मला मींड ऐकू येते. २०१५ साली चरणजितसिंग गेले. त्यांचा हिशेब शिकागोच्या नव्हे, यमनच्या खात्यावर मांडावा.