एन्व्हॉय
एन्व्हॉय : राजदूत आणि काव्यान्तीचे निरोपाचे कडवे, असे दोन अर्थ वागविणारा इंग्रजी शब्द. दोहोंचे मूळ ‘पाठविणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदात असून, फ्रेंच ‘बालाद’चे अखेरचे आखूड कडवे कवी बहुधा राजपुत्रास संबोधून धाडतो. मराठी दप्तरांत पहिल्या अर्थी अरबी ‘वकील’ रूढ होता : नागपूरकर भोसल्यांचे कलकत्त्याचे वकील बेनीराम पंडित हे ऑगस्ट १७८१ मध्ये, काशीत तेथील राजा चेतसिंग याचा उठाव झाला असता, वॉरन हेस्टिंग्जपाठोपाठ चुनारला गेले आणि त्यांनी त्यास लाख रुपये देऊ केले. दुसऱ्या अर्थास बंगाली ‘भणिता’ (संस्कृत ‘भण्’, बोलणे) जवळची; पदाच्या अखेरीस कवी तीत आपले नाव गुंफतो, आणि आपल्या अभंगांतील नाममुद्रा ही तिचीच भगिनी होय. दोन्ही अर्थांचा खरा रम्य संगम मात्र गौडराज लक्ष्मणसेनाचा राजकवी धोयी याच्या ‘पवनदूत’ काव्यात आढळतो : गंधर्वकन्या कुवलयवती मलयवाऱ्याकरवी गौडनृपतीस संदेश पाठविते, आणि समारोपाच्या श्लोकांत कवी राजाकडून लाभलेल्या हत्तींचा व सुवर्णदंडी चामरांचा अभिमानाने उल्लेख करतो. चिंताहरण चक्रवर्तींनी संपादिलेले हे काव्य १९२६ मध्ये कलकत्त्यास संस्कृत साहित्य परिषदेच्या मालेत प्रसिद्ध झाले.